राखणदाराची बदली

लालबाग ते कुलाबा हा प्रवास टॅक्सीने पाऊण तासाचा. मला आणि शालूआत्याला तीन दिवस लागले. परदेशी जाऊन आलेले लोक बर्फातले फोटो दाखवतात, विमानतळावर बॅग हरवल्याच्या हकिगती सांगतात. माझ्याकडे दाखवायला एक बिघडलेला फोन आणि गुडघ्यावरची खपली आहे. तरी ज्यांनी ही जागा पाहिलेली नाही आणि बहुधा पाहायला मिळणारही नाही, त्यांच्यासाठी लिहून ठेवते आहे. नेमका पत्ता मात्र देणार नाही. दिला तर पुढच्याच रविवारी तिथे पाचशे माणसं सेल्फी काढायला जमतील आणि समुद्राचं उरलेलं काम तीच उरकून टाकतील.

सुरुवात माशांपासून झाली. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, वय वर्षं एकोणऐंशी. पूर्वी आमच्या चाळीत राहायची. आता चाळीच्या जागी टॉवर उभा आहे आणि त्याच्या अठराव्या मजल्यावर आम्ही शेजारी शेजारी राहतो. आत्या पेपर वाचत नाही, त्यावर मासे साफ करते. त्या दिवशी बोंबलांची डोकी उडवता उडवता तिचा हात थांबला आणि तिने मला हाक मारली.

"विजू, हय ये गो. ही बघ, आजोबांची दांडी."

जुन्या मुंबईत दीपगृहाला दांडी म्हणत. बोंबलाखालच्या फोटोत काळ्या दगडाचा एक बुटका, वाकडातिकडा मनोरा होता. खाली शिवाजी पार्कच्या कुणा दिघे नावाच्या वाचकाचं पत्र होतं. शहरातल्या फार जुन्या दांड्यांपैकी ही एक, समुद्राने तिचा पाया पोखरत आणलाय, पुढचा पावसाळा ती काढेल असं वाटत नाही, अशा मजकुराचं. कोळीवाड्याचं नावही होतं. आत्याचे आजोबा, म्हणजे माझे पणजोबा, याच कोळीवाड्यामागच्या दांडीवर बत्ती लावायला होते, हे आमच्या घरातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं, जेव्हा कुत्रा होता तेव्हा.

"पडतली ती," आत्या म्हणाली. "आणि तो अजून थयच आसा."

"कोण?"

"कोण काय विचारतंस? राखणदार!"

कोकणात वाडीला, बागेला, ओढ्याला, प्रत्येक गोष्टीला एक राखणदार असतो. तो दिसत नाही, पण नारळ आणि बिडी मात्र घेतो. पणजोबा वेंगुर्ल्याकडून येऊन या खडकावर एकटे राहायचे. भोवती पाणी, बोलायला माणूस नाही, म्हणून त्यांनी गावच्या रिवाजाने एक दगड मांडला, शेंदूर लावला आणि राखणदार बसवला. त्याला सांगितलं, बत्तीवर लक्ष ठेव. पुढे बत्ती बंद झाली, पणजोबा परळच्या गिरणीत लागले आणि राखणदार तिथेच राहिला. त्याचा वर्षाचा नारळ मात्र आमच्या घराण्याने कधी चुकवला नाही. चाळीच्या गच्चीवर जाऊन, दांडीकडे तोंड करून तो दिला जायचा.

आता दांडी पडली तर तो पाण्यात जाणार. तेव्हा त्याआधी तो दगड घरी आणायचा आणि तुळशीच्या कुंडीत ठेवायचा, असं आत्याने बोंबील धुता धुता ठरवून टाकलं. मी म्हटलं, सोसायटीचे नियम वाचायला हवेत, मांजरसुद्धा परवानगीशिवाय चालत नाही. आत्याने माझ्याकडे बघितलंही नाही.

शुक्रवार, शिवाजी पार्क

दांडीवर जायचं कसं, हे त्या दिघ्यांनाच माहीत असणार. शिवाजी पार्कात एखादा ठरावीक निवृत्त गृहस्थ शोधायचा असेल तर पत्त्याची गरज नसते. सकाळी कट्ट्यावर बसावं आणि मोठ्याने एक चुकीची गोष्ट सांगावी. दुरुस्त करायला तो स्वतःहून येतो. मी आत्याला म्हटलं, "मुंबईत इंग्रज यायच्या आधी दीपगृहात वीज होती, माहीत आहे?" तिसऱ्या मिनिटाला दोन चालणारे थांबले. त्यांतले दुसरे दिघे निघाले.

ते येईपर्यंत आत्या फेऱ्या मारणाऱ्या लोकांकडे बघत बसली होती. "ही माणसां खय जातत?"

"कुठे नाही. फिरून इथेच येतात."

"मगे निघतत कित्याक?"

दिघे बंदरावर अभियंता होते. सडपातळ, सत्तरीच्या पुढचे, हातात छत्री, तीही जानेवारीत. छत्री पावसासाठी नाही, मोजायला आहे, असं त्यांनी सांगितलं. तिच्या दांड्यावर त्यांनी खुणा केल्या होत्या. निवृत्त झाल्यापासून ते दर पौर्णिमेला त्या दांडीवर जाऊन कडा आणि दार यांच्यातलं अंतर छत्रीने मोजतात आणि निरनिराळ्या कचेऱ्यांना कळवतात. कचेऱ्या उलट कळवतात की आपला अर्ज योग्य त्या विभागाकडे पाठवला आहे. योग्य तो विभाग कुठला, हे शोधण्यात त्यांचं निवृत्तीचं आयुष्य मजेत चाललं आहे.

त्यांच्या घरी गेलो. लालबागमध्ये पाहुणा आला की आधी चहा येतो आणि मग कोण, कुठले ते विचारतात. इथे आधी दांडीचा इतिहास आला. मी तो थोडक्यात देते, कारण आम्हाला थोडक्यात मिळाला नाही.

अगदी सुरुवातीला तिथे मनोरा नव्हताच. खडकावर लोखंडी टोपलीत लाकडं पेटवत. पावसाळ्यात, म्हणजे जेव्हा खरी गरज, तेव्हा ती विझत, आणि गलबतं खडकावर येत. मग कंपनीच्या राज्यात काळ्या दगडाचा हा मनोरा चुन्यात बांधला आणि वर खोबरेल तेलाच्या वातींची रांग लावली. वातीची काजळी काचेवर धरायची, म्हणून बत्तीवाल्याने रात्रभर राखेने काचा पुसायच्या. उजेड तयार करण्यापेक्षा तो बाहेर पोचवण्यातच सगळा जन्म जायचा. पुढे रॉकेल आलं. मग आणखी पुढच्या खडकावर मोठं दीपगृह झालं आणि हिच्यावरचा दिवा काढून नेला.

"खोबरेल तेल?" आत्याने विचारलं. "मगे आमचे आजोबा थय खूश असतले. वेंगुर्लेकाराक खोबऱ्याच्या तेलार बसवल्यार बत्ती कमी आणि कढी जास्त होतली."

दिघ्यांनी हे वहीत लिहून घेतलं. कशाखाली लिहिलं ते माहीत नाही.

दांडी पडते आहे ती कशाने, तेही त्यांनी समजावलं. वरचा खडक कठीण आहे, पण त्याखाली मऊ थर आहे. समुद्र मऊ तेवढं खातो आणि वरचं अधांतरी ठेवतो. दुसरीकडे भराव पडले, तसं पाणी या बाजूला जास्त जोराने यायला लागलं, असं त्यांचं मत. कुणाला ते पटत नाही, पण पाण्याला पटलेलं दिसतं.

मग त्यांनी नकाशा पसरला आणि आमची चाळ कुठे होती ते विचारलं. आत्याने बोट ठेवलं. "आणि नारळ देताना कुठे बघायचात?"

"दांडीकडे. दिसायची ना गच्चीवरसून. उंच, सरळ, रात्री टोकाक लाल दिवो. आता समुद्रान खावन अशी बुटकी केल्यान."

दिघ्यांनी फूटपट्टी लावली. एकदा, दोनदा. मग चष्मा काढला. "बाई, वाईट वाटून घेऊ नका. ही दांडी तीन मजली घराएवढी आहे. लालबागहून ती दिसणं शक्य नाही. तुम्ही बघत होतात ती गिरणीची चिमणी होती."

मला हसू आवरेना. सत्तर वर्षं आमच्या घराण्याने, नवे कपडे घालून, हात जोडून, गिरणीच्या चिमणीला नारळ दिले होते. चिमणी पाडली तेव्हा आम्ही म्हटलं होतं, आता पुढची इमारत आडवी आली, आणि तिच्या टोकावरच्या लाल दिव्याला द्यायला सुरुवात केली होती. मी हसत होते आणि आत्या हसत नव्हती. तिच्या चेहऱ्याकडे बघून मी थांबले.

"म्हणजे तो सत्तर वर्षां उपाशी," ती म्हणाली.

त्यानंतर चहा आला, पण तिने तो प्यायला नाही. दिघ्यांनी भरती-ओहोटीचं कोष्टक काढून सांगितलं की परवा रविवारी पौर्णिमा आहे. उजाडताना पाणी सगळ्यात मागे असेल, तेव्हा खडकावरून चालत जाता येईल, आणि पाऊण तासात परतायचं. या पौर्णिमेला त्यांना नातवाकडे जायचं होतं. आमच्यामुळे पहिल्यांदाच त्यांच्या मनावरचा भार हलका झाला, असं म्हणत त्यांनी या वेळचं माप घ्यायला मला छत्री देऊ केली. मी ती घेतली नाही, याचं त्यांना अजून वाईट वाटत असणार.

परत येताना आत्याने हिंदमाताला टॅक्सी थांबवायला लावली. दगड गुंडाळून आणायला नवा पंचा हवा. दुकानात चहूकडे लग्नाच्या साड्या, आणि आम्ही पंचा मागतोय. दुकानदाराने विचारलं, "कुणासाठी आहे? वयस्कर आहेत का? मग मऊ देतो."

"खूपच वयस्कर आसा," आत्या म्हणाली. "मऊच दे. बिचाऱ्यान दगडार दिवस काढलेहत."

दुकानदाराने हळहळून सगळ्यात मऊ पंचा काढून दिला.

शनिवार, गिरगाव

राखणदाराला उचलून पिशवीत घालता येत नाही. त्याला आधी गाऱ्हाणं घालावं लागतं. म्हणजे त्याच्यासमोर उभं राहून, कुळातल्या जाणत्या पुरुषाने, आम्ही कोण, कुठून आलो, काय चुकलं, काय हवं, ते मोठ्या आवाजात सांगायचं, आणि प्रत्येक वाक्यानंतर बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. अर्ज, त्यावर शिफारस आणि सगळ्यांच्या सह्या, असं ते एकूण असतं. आमच्या कुळात हे येणारा एकच पुरुष उरला आहे, गिरगावचे बाबल्याकाका, वडिलांचे चुलतभाऊ.

गिरगावकरांच्या मते मुंबई चर्नी रोडला सुरू होते आणि ठाकुरद्वारला संपते. त्यापलीकडे जे आहे त्याला ते 'तिकडे' म्हणतात. काकांनी दार उघडताच, "काय, तिकडचां काय म्हणता?" असं विचारलं, जणू आम्ही नागपूरहून येत होतो. लाकडी जिन्याचे तीन मजले चढून आत्या धापा टाकत नव्हती, मी टाकत होते.

जेवण पाहून माझा प्रवासी उत्साह मावळला. शनिवार होता. मालवणी माणसाच्या घरी शनिवारी जाणं म्हणजे बंद संग्रहालयाला भेट देणं. पण काकूने काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या केल्या होत्या, आणि पाच आंबोळ्यांनंतर मला माशांची आठवण येणं बंद झालं. लालबागला आम्ही सांबाऱ्यात खोबरं भाजून घालतो, तसं इथेही घालतात, पण गिरगावचं वाटण इतकं बारीक की ते कुणी वाटलं याची चौकशी करावी. काकू म्हणाली, मिक्सरने. मी चौकशी थांबवली.

जेवण झाल्यावर काका गॅलरीत उभे राहिले, समोर ताटात नारळ ठेवला आणि नमुना म्हणून गाऱ्हाण्याला सुरुवात केली. आवाज असा की कबुतरं उडाली. पहिलं वाक्य संपलं आणि आम्ही तोंड उघडायच्या आत शेजारच्या खोलीतून कुणीतरी 'व्हय म्हाराजा' म्हणालं. दुसऱ्या वाक्याला वरच्या मजल्यावरून दोन आवाज आले. तिसऱ्याला खाली पार्सल घेऊन आलेला माणूसही म्हणाला. त्या चाळीत ती सवयच आहे. कशाला होकार देतोय हे कुणी विचारत नाही.

"तर उद्या तू चल," आत्या म्हणाली.

"मी? गो, माझो गुडघो बघ." काकांनी गुडघा दाखवला. "डॉक्टर सांगता जिनो उतरू नको. खडकार खय जाव?"

"मग मला शिकवा," मी म्हटलं. "मी म्हणेन."

काकांनी आत बघितलं. काकू आतून म्हणाली, "बायका नाय घालणत गाऱ्हाणां."

"का?"

"नाय घालणत म्हणान." याहून चांगलं कारण तिच्याजवळ नव्हतं, पण तेवढ्याची तिला खात्री होती.

बराच वेळ घासाघीस झाली. काका उतरू शकत नाहीत, आम्ही बायका म्हणू शकत नाही आणि समुद्र कुणासाठी थांबत नाही. शेवटी मार्ग मीच काढला आणि त्याचा मला आजही पश्चात्ताप होतो. व्हिडिओ कॉल. मी राखणदारासमोर फोन धरायचा, काका गॅलरीतून गाऱ्हाणं घालणार, चाळ होकार देणार.

"तेका फोनार चलात?" काकूला शंका आली.

"चिमणीर सत्तर वर्षां चालवन घेतल्यान," काका म्हणाले. हे त्यांना जेवताना कळलं होतं आणि तेव्हापासून ते खुशीत होते. आत्याने त्यांच्याकडे असं बघितलं की ते गुडघा चोळायला लागले.

रविवार, दांडी

कोळीवाड्यात पोचलो तेव्हा झुंजुमुंजू झालं होतं. बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत होते, जाळ्यांचे ढीग पडले होते आणि चंद्र अजून मावळायचा होता. आत्याकडे नारळ, शेंदूर, पंचा आणि बिडीचं बंडल होतं. माझ्याकडे नवे स्पोर्ट्स शूज आणि पूर्ण चार्ज केलेला फोन.

वाट विचारली ती हिराबाई भेटली म्हणून. साठीची कोळीण, लुगडं घट्ट मारलेलं, हातात टोपली आणि लोखंडी आकडा. ओहोटीला खडकाला चिकटलेले शिंपले, म्हणजे कालवं, काढायला निघाली होती. आम्हाला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "दांडीवर? या म्हातारीला घेऊन? चला माझ्या मागं. मी पाय ठेवीन तिथंच ठेवा."

आत्याने चपला काढून पिशवीत टाकल्या आणि ती हिराबाईच्या पावलावर पाऊल टाकत अशी निघाली की जणू रोजची वाट. हिरव्या शेवाळावर, डबक्यांच्या काठांवरून, एकदाही न अडखळता. मी शूजवाली मागे. वाटेत सूर्य येतोय असं वाटून फोटो काढायला म्हणून फोन बाहेर काढला आणि पुढचं पाऊल हिराबाईने ठेवलं होतं तिथे ठेवलं नाही. गुडघा खडकावर आपटला, फोन डबक्यात गेला. बाहेर काढला तेव्हा त्यात एक लहानसा खेकडा बसला होता आणि पडदा काळा होता. तिकडे गिरगावात काका आंघोळ करून, नारळ मांडून, चाळ गोळा करून बसले असणार. मला रडू यायला लागलं. गुडघ्यापेक्षा याचं, की आत्याचं एक काम होतं आणि ते मी फोटोपायी बुडवलं.

"गप गो," आत्या मागे न बघता म्हणाली. "चल. पाणी थांबाचा नाय."

दांडी जवळून बघितली तेव्हा आधी थोडी निराशा झाली. आमच्या टॉवरचं पार्किंग तिच्याहून उंच आहे. काळे दगड, त्यांच्यामधला चुना खाऱ्या वाऱ्याने खाऊन टाकलेला. दाराच्या चौकटीतून आत बघितलं तर जिना नव्हता, वर आकाश होतं. मग समुद्राच्या बाजूला गेलो. तिथला कोपरा संपूर्ण गेला होता. घडीव दगड खाली पाण्यात पडले होते आणि खडकाच्या ओठाखाली एक लांब, काळी फट होती. आमच्या पायाखाली पाणी आत जाऊन बाहेर येत होतं, त्याचा आवाज यायचा. दिघ्यांनी छत्रीने जे मोजलं होतं ते आता मला दिसलं आणि मी दोन पावलं मागे सरले. काच पुसणारा माझा पणजोबा इथे वर बसायचा, हे तेव्हा पहिल्यांदा खरं वाटलं.

राखणदार जमिनीकडच्या बाजूला, दाराशेजारच्या कोनाड्यात होता. दोन नारळांएवढा दगड. आत्या त्याच्यासमोर वाकली आणि तशीच राहिली.

दगडावर ताजा शेंदूर होता. पुढ्यात नारळाची करवंटी, एक सुकलेलं झेंडूचं फूल आणि बिडीचं थोटूक.

"कोणी दिल्यान ह्यां?"

"मी," हिराबाई म्हणाली. "मी देतंय दर नारली पुनवेला. शेंदूर, फूल, बिडी कालवांना आले की. माझ्या आधी माझी सासू, तिच्या आधी तिची सासू. बत्तीवाला गेला तेव्हा सांगून गेला, आमच्या घरचं कोनतरी येईल, तोवर बघा." मग ती थांबली, आत्याकडे नीट बघितलं. "तुमी का त्या घरच्या?"

आत्याने मान डोलावली.

"अगो बाय! आता आलात? आमी म्हनायचो, बत्तीवाल्याचं घरानं बुडालं का काय! जात होता कुठं तुमी नारल द्यायला?"

मी 'चिमणीकडे' असं सांगणार होते, पण आत्या आधीच खाली बसली होती. तो उपाशी नव्हता, हे तिच्या चेहऱ्यावर मला दिसलं. दोन दिवस तिने धड जेवण केलं नव्हतं. तिने पदराने डोळे पुसले आणि हिराबाईचा हात धरून काही वेळ सोडलाच नाही.

मग तिने पंचा पसरला. हिराबाईने विचारलं, "ये काय?"

"तेका घराक नेवचो आसा."

"कुठं ठेवनार?"

"अठराव्या माळ्यार. तुळशीच्या कुंडीत."

हिराबाईला हसू आलं. "अठराव्या माल्यावर काय राखायचं हाय त्यानं? तिथं वाचमन नाय काय?"

"तीन आहेत," मी म्हटलं. "आणि कॅमेरे."

आत्या पंच्याच्या टोकाशी चाळा करत बसून राहिली. हिराबाईची नजर पाण्याकडे गेली. "पानी फिरलं. काय करायचं ते झटपट करा. मंग गुडघ्याएवढं येतंय."

फोन मेलेला, काका गिरगावात आणि कुळातला पुरुष खडकावर एकही नाही. आत्या उठली. पंच्याची घडी करून तिने दगडाच्या अंगावर नीट घातली, नारळ समोर ठेवला आणि हात जोडले. तिचा आवाज काकांसारखा मोठा नव्हता. घरातल्या माणसाशी बोलावं तशी ती बोलली.

"बा राखणदारा, मी बत्तीवाल्याची नात. शालिनी. माका गाऱ्हाणां घालूक येणा नाय, आमका कोणी शिकवल्यानी नाय. जां येता तां सांगतंय. माझ्या आजोबान तुका हय बसवल्यान, बत्तीर लक्ष ठेव म्हणान सांगल्यान. ती बत्ती कधीच इझली. पण तुका येवन कोणी सांगल्यानी नाय. आमी भलत्याच खांबाक हात जोडले, ती आमची चूक."

ती थांबली. खाली फटीत पाणी आपटलं आणि पायाखालचा खडक कळेल न कळेल इतका हलला. हिराबाई माझ्या दंडाला धरून उभी होती.

"माझ्या घोवाचां असांच झालां. गिरणीच्या गेटाक टाळां लागलां. संपला म्हणान एका माणसान तेका सांगल्यान नाय. तो रोज सकाळी डबो घेवन गेटार जाय. मी रोज भरून देय. आज उघडतली, उद्या उघडतली. तसोच म्हातारो झालो, तसोच गेलो. मी पण तेका सांगूक नाय. माका तोंड झालां नाय."

लहानपणी आतोबा रोज सकाळी डबा घेऊन जिना उतरताना मला दिसायचे. ते कामाला जातात असं मी समजत होते. गिरणी तेव्हा बंद होऊन किती वर्षं झाली होती, हे मी कधी विचारलं नव्हतं, आणि आत्याने कधी कुणापाशी काढलं नव्हतं. आता त्या खडकावर उभं राहून मला फार लाज वाटली आणि फार रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

"तुझां तसां नको," आत्या म्हणाली. "म्हणान मी सांगूक इलंय. संपलां रे बाबा. तू तुझां काम नीट केलंस. आता तुका सुट्टी. व्हयां तर हयच रव, व्हयां तर पाण्यावांगडा जा, व्हयां तर आमच्याकडे ये. पण वाट बघू नको."

होकार द्यायला चाळ नव्हती. मी 'व्हय म्हाराजा' म्हटलं. हिराबाईनेही मागून म्हटलं, तिच्या पद्धतीने, कपाळाला हात लावून.

आत्याने बिडी काढली, पण वाऱ्यात काडी टिकेना. हिराबाईने ओंजळीत धरून ती पेटवली, एक झुरका स्वतः घेतला, नीट लागली याची खात्री केली आणि दगडापुढे ठेवली. मग आम्ही निघालो. पाणी खरंच गुडघ्याला आलं होतं. या वेळी मी हिराबाईची पावलं बघून चालले. आत्या मधे, आम्ही दोघी तिच्या दोन बाजूंना, पण तिला धरायची गरज पडली नाही.

वाळूवर आल्यावर हिराबाईने टोपली खाली ठेवली. आमच्या नादात तिची कालवं राहून गेली होती. लुगडं पिळता पिळता तिने जरा चाचरत विचारलं, "मंग आता त्याची सुट्टी झाली. येत्या पुनवेपासून माझा नारल बंद करू काय?"

आत्या चपला घालत होती. ती एक पाय तसाच ठेवून सरळ उभी राहिली.

"कित्याक बंद?" ती म्हणाली. "काम सुटलां म्हणान भूक सुटता काय गो? तू देत रव."